दारावरचा आकडा

कॅम्पातले मोठे साहेब,

तुमची खुशाली विचारणार नाही. फाटकावर हे पत्र दिलं तर माझ्या नवऱ्याला उचलाल, म्हणून ते पिठाच्या डब्यातच राहील.

आमच्या दारावर तुमच्या जवानांनी पांढऱ्या रंगात 'चार' लिहिलं: मी, नवरा, दोन मुली. ते दार माझ्या सुतार भावानं बनवलेलं. धाकटीला ताप म्हणून तो बघायला आला आणि संचारबंदीत अडकला. सकाळी झडतीला तुम्ही विचारलंत, "घरात किती?" सहा महिने रोज एकच उत्तर देऊन जिभेला सवय झालेली. मी म्हटलं, "चार." तेवढ्यात तो तोंड पुसत मोरीतून बाहेर आला.

त्याला उचलून नेलंत. तिसऱ्या दिवशी प्रेत दिलंत. सोबत कागद: "घरात लपवलेला अनोळखी इसम." अनोळखी? ज्यानं बनवलेल्या दारावर लाथा घातल्यात, तो?

जीभ माझी चुकली, साहेब. पण गोळी तुम्ही घातलीत.

काल तुमचा जवान पुसट झालेला आकडा गिरवायला आला. "किती माणसं?"

"पाच," मी म्हटलं.

त्यानं गाद्यासुद्धा फाडून बघितल्या. पुन्हा पाठवा त्याला. माझा भाऊ सापडला, तर न्यायच्या आधी मला एकदा दाखवा.

त्या अनोळखी इसमाची,
थोरली बहीण