चौथं नाव

२७ जानेवारी १९५८

काल मैदानावर झालं ते लिहूनच काढतो.

प्रजासत्ताक दिनाचे हुतुतूचे सामने. शेवटचा सामना चिंचणी विरुद्ध झरी. पंच मी. शेवटच्या चढाईत झरीचा चिमण पकडला गेला, पण बोटं रेषेला टेकली तेव्हा त्याचा दम सुटला नव्हता. अगदी वाकून पाहत होतो मी. गुण दिला. झरी एका गुणाने जिंकली.

मग दगड! चिंचणीच्या लोकांनी मैदानाभोवतीच्या दोरीचे बांबू उपटले. झरीची पोरं ट्रककडे पळाली, चिमण मागे राहिला. त्याच्या उजव्या हातावर बांबू बसला, तो आवाज—

बांबू रामनाथच्या हातात होता. माझ्या जावयाच्या. माझ्यापासून चार पावलांवर.

२९ जानेवारी

फौजदार म्हणाले, "पाचशे माणसं होती, आणि कोणीच काही पाहिलं नाही?" मी चार नावं सांगितली. चौथं सांगण्याआधी पाणी मागितलं.

घरी रखमाला सांगितलं. "बकुळेला सहावा महिना चाललाय," एवढंच म्हणाली ती. मुलगी आपली एकच.

१६ फेब्रुवारी

बकुळेला बाळंतपणासाठी आणायला रखमा चिंचणीला गेली होती. एकटीच परत आली.

"काय म्हणाली?"

"'बाबांच्या घरात पाऊल ठेवणार नाही.'"

तिची खोली झाडून ठेवली होती. गादीला ऊन दिलं होतं. गादी गुंडाळली.

२ मार्च

क्रीडा मंडळाची बैठक. चिंचणीला पाच वर्षं बंदी! अध्यक्ष गोविंदराव म्हणाले, "गावाला अद्दल घडेल." मी विचारलं, ज्या पोरांनी दगडाला हातही लावला नाही त्यांनी काय केलंय?

"मास्तर, आता जावयाच्या गावाची बाजू घेता का!"

सगळे हसले. मी हात वर केला नाही. ठराव झालाच.

११ मार्च

रामनाथचे वकील घरी आले. "पहिलाच गुन्हा आहे. तुमच्यासारख्याने चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून दिली तर मॅजिस्ट्रेट रामनाथला सोडतील." आणि बाकीचे तिघे? त्यांचे सासरे मास्तर नाहीत.

नाही म्हटलं. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

१४ मार्च

चौघांना दोन महिने सक्तमजुरी.

रामनाथने माझ्याकडे पाहिलं नाही. बकुळा शेवटच्या बाकावर होती, पोटाशी हात धरून. तिने पाहिलं.

१५ मार्च

शाळा. काही लिहावंसं वाटत नाही.

२३ मार्च

झरीला जाऊन आलो. चिमणचा हात गळ्यात बांधलेला. हाड वाकडं जुळलंय. त्याच्या बायकोने, हिरीने, काळा चहा दिला. शिक्षेचं सांगितलं. वाटलं, त्याला बरं वाटेल.

"ते आत बसले म्हणून माझा हात सरळ होईल का, मास्तर?" रागाने नाही, साधं विचारलं त्याने. "पावसात नांगर कोण धरणार? ते चार गडी इकडे पाठवायचे होते."

मी म्हटलं, कायद्यात तसं नाही.

"मग कायदा नांगर धरेल," हिरी म्हणाली, आणि दोघं हसले. मला हसू आलं नाही.

परतीच्या बसमध्ये एकच डोक्यात. मी न्याय केला की स्वतःचं नाव राखलं? परक्याचा मुलगा असता तर हमी दिली असती का?

बहुतेक दिली असती. हे पहिल्यांदाच लिहितोय.

१२ एप्रिल

रखमा चिंचणीला गेली. बाळंतपण होईपर्यंत तिकडेच राहील. डब्यात डिंकाचे लाडू. दारात थांबून विचारलं, "काही सांगू तिला?"

पुष्कळ होतं. "जप म्हणावं," इतकंच सुचलं.

१९ एप्रिल

घर फार मोठं झालंय.

परीक्षेचे पेपर तपासतोय. बकुळा लहानपणी शेजारी बसून मार्क मोठ्याने वाचायची. कोणी थोडक्यात नापास होत असला की माझी बाही ओढायची— "बाबा, एक मार्क द्या ना त्याला!" बहुतेकदा द्यायचो मी. तिला ते आठवत असेल का? नसेलच. आठवलं तर आणखी वाईट.

कोणी बाही ओढत नाही. पेपर लवकर संपतात.

२९ एप्रिल

चिंचणीहून मासळी घेऊन येणारी रंभा टोपली न उतरवताच ओरडली, "मास्तर, नात झाली! नाक तुमचंच!"

बकुळा बरी आहे ना, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली, म्हणून बोंबील घेतले. एकट्याला एवढे!

५ मे

रंभा म्हणते, पोरगी मोठ्याने रडते. आणखी काही? "आणखी काय करणार मास्तर, आठवड्याची पोर!"

११ मे

बारसं झालं म्हणे. नाव काय ठेवलं ते रंभाला ठाऊक नाही. मला कोणी कळवलं नाही. दिवसभर नावं सुचत राहिली.

१६ मे

दुपारी दारात रामनाथ. खूप वाळलाय. दुपट्यात नात. ती हातात असताना वाकता येईना, म्हणून आधी तिला माझ्याकडे दिली, मग पाया पडला. "मामा, मी मारलं होतं. तुम्ही खोटं बोलला नाहीत."

"बकुळा?"

"बाहेर गाडीत आहे. उतरणार नाही म्हणते."

नातीला घेऊन तसाच अनवाणी निघालो. रस्ता तापला होता. बैलगाडीत रखमा, आणि तिच्या पलीकडे तोंड फिरवून बकुळा. मी चाकाशी उभा. "बकू," म्हटलं.

मग माझ्याकडे न बघता ती जराशी सरकली. मी चढून बसलो.