फुईचा उजवा कान

नंदुरबार, २ डिसेंबर २०२४

ती. चारुफुईस,

भाविकाचा शि. सा. न. वि. वि. फोनवर मी ओरडायचं आणि तू काही ऐकू येत नाही म्हणून फोन ठेवून द्यायचा, याला कंटाळून पुन्हा कागदाकडे वळले. तुझी अट लक्षात आहे, शुद्धलेखन चुकलं तर पत्र परत!

बी. कॉम. होऊन दीड वर्ष झालं. पप्पा दिवसभर पथारीच्या मैदानावर, वाळणाऱ्या मिरच्यांत. मी घरात नुसती बसून. म्हणून ब्लॉग सुरू करायचं ठरवलंय. त्यात वस्तूंविषयी लिहायचं, आणि लेखातल्या लिंकवरून कुणी वस्तू मागवली की मला थोडं कमिशन. पण आधी एकच विषय पक्का करावा लागतो. त्याच विषयावर सतत लिहिलं तर लोक विश्वास ठेवतात म्हणे. मी प्रवासी बॅगा, बाळांची खेळणी, मोबाईल असं काय काय लिहून खोडलं. तुझ्या भावाला, म्हणजे पप्पांना, विचारलं तर म्हणाले, की तुन्ही फुईले इचार, तिनीच तुले लिखाले शिकाडेल शे. म्हणून विचारते. विषय कोणता घेऊ?

उत्तर लवकर धाड आणि रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
भाविका

•

अक्कलकुवा, ९ डिसेंबर २०२४

चि. भाविका हिस,

फुईचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. एक वेलांटी चुकली आहे, पण परत पाठवत नाही, टपालाचा हेलपाटा कशाला.

अगं, विषय शोधत गावभर काय फिरतेस? पथारीवर रांगलेली पोर तू. कोणती मिरची तिखट आणि कोणती नुसतीच रंगाची, हे तू देठ बघून सांगतेस. मिरचीवर लिही, ती कुटायच्या यंत्रांवर लिही, साठवायच्या डब्यांवर लिही. जे हाताळलंय ते लिहावं. चौथीत तू न पाहिलेल्या समुद्रावर निबंध लिहिला होतास, तेव्हा मी त्यावर लाल रेघ ओढली होती, आठवतं ना?

माझं विचारशील तर डावा कान केव्हाच गेला, उजवा अजून घरात आहे. सकाळच्या एसटीचा हॉर्न त्याला कळतो, तू दारातून मारलेली हाक कळते. तुझा बाप हेमकांत दर वर्षी नवी मिरची पाठवतो, तेव्हा एक उचलून उजव्या कानाशी हलवते. आतल्या बिया वाजल्या म्हणजे माल वाळला. आमचे वडील असंच बघायचे. एवढं ऐकू येतं, तेवढं मला पुरतं.

तुझ्या आईला, रुपाला, विचारलं म्हणून सांग. बाकी आशीर्वाद आहेतच, ते मागायची गरज नाही.

तुझी,
चारुफुई

•

नंदुरबार, ८ जानेवारी २०२५

ती. चारुफुईस,

शि. सा. न. वि. वि. आधी माझा कान धर, मग पुढचं वाच. मिरचीवर लिहीत नाही. मिरचीचे डबे विकून कमिशन ते कितीसं मिळणार? आणि खरं सांगू, मला मिरचीवाल्याची पोर म्हणून ओळख नको आहे. ती तर जन्मापासून आहे.

मी कानाची यंत्रं हा विषय घेतलाय. एका यंत्रामागे मिळणारं कमिशन बरंच मोठं आहे. सात यंत्रांची माहिती वाचली आणि पहिला लेख लिहिलासुद्धा. त्यात तूही आहेस! ब्लॉगचा पत्ता खाली लिहिलाय. तुझा तो विद्यार्थी राजेंद्र, स्टँडजवळचा झेरॉक्सवाला, तो छापून देईल. शुद्धलेखन मात्र तपासून कळव.

बरी वाटले नाही तरी तुझीच,
भाविका

•

नंदुरबार, २ फेब्रुवारी २०२५

ती. फुईस,

शि. सा. न. वि. वि. घाईत लिहिते. पहिलं यंत्र विकलं गेलं! घेणाऱ्याचं नाव आम्हाला दिसत नाही, पण कुठल्यातरी आजी-आजोबांना माझ्या लेखामुळे ऐकू येऊ लागलं असेल, या विचाराने मी दिवसभर घरात नाचले. आईने शिरा केला. तू लेखावर काही लिहिलं नाहीस, इतका वाईट होता का?

उत्तराची वाट पाहणारी,
भाविका

•

अक्कलकुवा, ११ मार्च २०२५

चि. भाविका हिस,

अनेक आशीर्वाद. उशीर झाला. लिहू की नको, यात महिना गेला.

राजेंद्रने लेख छापून आणला तो जानेवारीतच. त्यात तू लिहिलंस, की माझी फुई हे यंत्र वापरते आणि तिसऱ्याच दिवशी तिला दाराची घंटा ऐकू आली. भाविका, माझ्या दाराला घंटा नाही, गं. मी लाल पेन उचललं आणि खाली ठेवलं. वाटलं, पोरीचं पहिलंच लिखाण आहे, त्यावर रेघ कशी ओढू? त्यापेक्षा ते खरं करून टाकू. राजेंद्रला तुझ्याच लिंकवरून यंत्र मागवायला सांगितलं, म्हणजे कमिशनही तुझ्याच पदरात पडेल. घंटासुद्धा बसवून घेतली.

तीन दिवसांनी घंटा ऐकू आली नाही. मग मी यंत्राचा आवाज पूर्ण वाढवला. ते शिट्ट्या मारू लागलं. स्वयंपाकाच्या तुळशीबाई विचारायच्या, की बाई, तुमना कानमा काय वाजी ऱ्हायनं? मी म्हणायची, सवय होईल. कान तपासल्याशिवाय काही लावू नका, असं डॉक्टरांनी पूर्वी बजावलं होतं, तरी पाच आठवडे उजव्या कानाला लावलं. तू लिहिलं होतंस ना. तू खोटं लिहिशील, हे मानायला मन धजत नव्हतं.

आता काढून कपाटात ठेवलंय. कानात भुणभुण आहे, होईल कमी. चूक तुझ्याएवढीच माझीही. तेव्हाच रागावून पत्र लिहायला हवं होतं. मुलांच्या वह्या तपासताना मी कुणाची भीड ठेवली नाही, तुझी ठेवली, त्याचं वाईट वाटतं.

होळीनंतर येऊन जा. राग नाही, भेट हवी.

तुझी,
चारुफुई

•

नंदुरबार, २४ मार्च २०२५

ती. चारुफुईस,

शि. सा. न. वि. वि. काल पप्पांबरोबर तुझ्याकडे येऊन पाटीवर लिहून बोलले, पण जे लिहायचं होतं ते पाटीवर मावत नव्हतं.

तो लेख काढून टाकलाय. मी घरात नाचत होते तो दिवस आठवला की तोंड लपवावंसं वाटतं. त्याच दिवसांत तू यंत्राचा आवाज वाढवत बसली असशील. सातांपैकी एकही यंत्र मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तुझं नाव घातलं, कारण त्याने वाक्य खरं वाटत होतं. फुई, मी फार वाईट वागले. त्या कमिशनचं काय करू ते कळत नाही, ते तसंच पडून आहे.

तू सांगितलंस की भुणभुण थांबली, आता बरं आहे. पप्पांनी मान हलवली. मग तू आम्ही आणलेल्या मिरच्यांतली एक उचललीस, उजव्या कानाशी हलवलीस, पुन्हा हलवलीस, आणि हसत पप्पांना म्हणालीस, की हेमकांत, यंदा ओला माल आणलास, चार दिवस आणखी ऊन दाखवायचं होतं. पप्पा हो म्हणाले. चुकलं म्हणाले.

पुढच्या बुधवारी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी न्यायला येते. नाही म्हणू नकोस.

आणि तू लिहायला शिकवलंस तसं एक वाक्य लिहिते, पाहिलेलं आणि ऐकलेलं. मिरची वाळलेली होती, फुई. तू हलवलीस तेव्हा बिया वाजत होत्या. दारात उभ्या असलेल्या मला ऐकू येत होत्या.

माया ठेवशील का, हे विचारायचा धीर नाही.

भाविका