आबा, काडी तुम्ही मोडलीत

आबा,

वर 'प्रिय' लिहायची रीत असते, ठाऊक आहे. नाही लिहिलं.

आज देवळाच्या सभामंडपात तुमची शोकसभा झाली. आपल्या गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष खास गाडी करून आले होते. म्हणाले, "आबांसारका न्यायी मानूस कापड्यापासून उमरठपर्यंत शोधून सापडायचा नाय. सोताच्या पोरीचा काडीमोड केला, पन गावकीचा नियम नाय मोडला." पुरुषांनी माना डोलावल्या. ती 'सोताची पोर', म्हणजे मी, बायकांत मागे बसले होते. एकानेही वळून पाहिलं नाही. बायकांनी सभेत बोलायचं नसतं, म्हणून घरी येऊन हे लिहितेय.

कसला न्याय केलात हो? माझ्या नवऱ्याने मुंबईत दुसरा संसार थाटला. मी तनूला कडेवर घेऊन तुमच्या दारात आले. चार वर्षांची होती ती. तुम्ही पाणीसुद्धा नीट पिऊ दिलं नाहीत, आधी गावकीची बैठक बोलावलीत. मुख्य पंच कोण, तर तुम्हीच. पोरगी तुमची आहे, निदान त्या दिवसापुरतं दुसऱ्या कुणाला बसवावं, हे सुचलं नाही तुम्हाला? कसं सुचेल! मग तुमच्या न्यायाचं कौतुक कुणी केलं असतं?

बैठक आपल्याच ओटीवर भरली. भाताच्या पेंढ्यातली एक काडी ओढून तुम्ही मधोमध मोडलीत. एक तुकडा नवऱ्याला दिलात, दुसरा माझ्या भावाला. मला नाही, कारण मी तिथे नव्हतेच. मी आत चुलीपुढे होते, पंचांसाठी भाकऱ्या थापत. "झाली मोकळी," हे तुमचं वाक्य मी भिंतीआडून ऐकलं. आणि त्याच दमात पुढचं, "पोर ज्याच्या कुळाची त्याच्या घरी जाईल."

आई दारापर्यंत आली. म्हणाली, "अवो, तिला इचारा तरी."

"तू आत जा गो," तुम्ही म्हणालात. "आपल्या पोरीला झुकतं माप दिलं, असं उद्या कोन बोलायला नको."

झुकतं माप मागितलं होतं कुणी? सरळ दिलं असतंत तरी पुरे होतं. सासरे तनूला खांद्यावर बसवून घेऊन गेले. तिला वाटलं जत्रेला चाललेत. माझ्याकडे बघून हात हलवत होती. आणि तुम्ही ओटीवर पान लावत होतात, पंच तुमची पाठ थोपटत होते. मला आजही ती सुपारी फोडल्याचा आवाज आठवला की तुमची चीड येते.

मग मी बिरवाडीत खोली घेतली, कारखान्यात पॅकिंगला लागले. लेकीला भेटायचं तर सासरच्यांची लहर लागायची. शेवटी महाडला वकीलबाई गाठली. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "कोर्टातून घटस्फोट घेतला नाही? मग कायद्याने तुम्ही अजून त्याच्याच बायको आहात. अशी रूढी तुमच्यात आहे, हे कोर्टापुढे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं."

मला तिथेच हसू फुटलं. ज्याच्या दुसऱ्या लग्नात अख्खा गाव जेवला, त्याची मी कायदेशीर बायको! इतकी वर्षं गावात मिशीवर ताव देत फिरलात, आणि महाडात तुमच्या न्यायाला कुणी चहासुद्धा विचारला नाही.

पण पोर दिलीत ती मात्र गेलीच. मी तनूचा ताबा मागायला दावा लावला, तर नवऱ्याचा वकील कोर्टात म्हणाला, खुद्द आजोबांनी मुलगी बापाच्या हवाली केली आहे. आणि साक्षीला कोण उभं राहिलं? तुम्ही. कडक इस्त्रीची टोपी घालून, माझ्या विरुद्ध.

जजसाहेबांनी साधा प्रश्न विचारला, "मुलीच्या आईची संमती घेतली होती का?"

"बायांना काय इचारायचं, सायेब?" तुम्ही म्हणालात. "बैठकीत ठरलं ते ठरलं."

कोर्टात हशा पिकला. तुम्हाला वाटलं, तुमच्या हजरजबाबीपणाला हसले. आबा, तुम्हाला हसले ते. बाहेर आल्यावर वर मलाच विचारलंत, "जेवलीस काय गो?" कीव आली मला तुमची. बापाची कीव येणं फार वाईट असतं, रागावलेलं परवडतं.

आता निकालाआधीच निघून गेलात. वा! निवाडा द्यायचा आणि धोतर झटकून उठायचं, पुढचं ज्याचं त्याने निस्तरायचं. जन्मभर तेच केलंत.

तनू आता अकरा वर्षांची आहे. पुढच्या तारखेला जजसाहेब तिला एकटीलाच आपल्या खोलीत बोलावणार आहेत, कुणाकडे राहायचं ते विचारायला. नवरा दुसरीला घेऊन गावी सासऱ्यांकडेच राहायला आलाय; त्या घरातल्या सावत्र आईला ती नुसतं 'आई' म्हणते. मला 'बिरवाडीची आई'. त्यामुळे ती काय सांगेल, मला खरंच माहीत नाही. भीतीने अन्न गोड लागत नाही.

भाऊ म्हणतो, "ताई, तिला पढवून ठेव. ते लोक रोज पढवतायत."

आबा, वचन देते. मी तिला पढवणार नाही. नवा फ्रॉक दाखवणार नाही, तिच्यापुढे रडणार नाही, तुमच्यासारखं कुळाचं नाव काढणार नाही. ती बापाकडे राहते म्हणाली, तर मी स्वतः तिला पोलादपूरच्या गाडीत बसवून देईन आणि रडायचं ते खोलीवर येऊन रडेन. पण तिला विचारू दे कुणीतरी. आपल्या घरातल्या बाईमाणसाला 'तुला काय हवंय' म्हणून विचारायची ही पहिलीच वेळ आहे.

तुमची,
सुनंदा