पहिल्या हाकेची हजेरी

२ मे
परतूरला पोहोचले! घरातली पहिली पदवीधर मी, आणि पहिली नोकरीही शिकवण्याची. संस्थेने दिलेली खोली छान उजेडाची आहे. टेबल, मागे एक बाक, जुना कॉम्प्युटर. त्याचा माईक गेलाय, म्हणून युक्ती केली: चेहरा कॉम्प्युटरवरून, आवाज मोबाइलवरून. मोबाइल खिडकीत उभा केला, त्याच्या चित्रात अख्खी खोली मला कॉम्प्युटरवरही दिसते. दुपारी दोनला, उन्हामुळे शेतं रिकामी असतात तेव्हा, गावोगावच्या अकरा बायका स्क्रीनवर जमल्या. अक्षरं शिकायला!

४ मे
हजेरीला कुणी पहिल्यांदा ओ देतच नाही. आष्टीच्या साळूबाई म्हणाल्या, "मॅडम, पहिल्या हाकेला ओ द्यायची न्हाई. माणूस असलं तर दुसऱ्यांदा बोलावतंच की." मी तर समोर दिसते, म्हटलं. "दिसता कॉम्प्युटरात, बोलून राह्यलात मोबाइलातून. मंग बोलतंय कोण?" सगळ्या हसल्या, मीही. पण अंधश्रद्धा ती अंधश्रद्धाच. नियम केला: पहिल्या हाकेला ओ नाही, तर गैरहजर.

८ मे
आज मी तोंड उघडण्याआधीच मोबाइलमधून हाक गेली, "बेबीनंदा." माझ्याच आवाजात. बेबीनंदा वर्गातली सगळ्यात हौशी. तिने झटकन ओ दिली आणि बसल्या जागी कलंडली. ऊन लागलं असेल.

९ मे
तिच्या नवऱ्याचा फोन आला. डोळे उघडे आहेत, बोलत नाही, उठत नाही.
मोबाइलच्या चित्रात ती माझ्या मागच्या बाकावर बसलेली दिसली. वळून पाहिलं. बाक रिकामा.

१० मे
वर्ग रद्द केल्याचं सगळ्यांना कळवलं. तरी दोनला जमल्या. म्हणे, मीच पुन्हा बोलावलं.
आणखी दोघींनी ओ दिली. चित्रात बाकावर तिघी.
मोबाइल बंद होत नाही. नियम माझाच—

११ मे, दुपारी दोन
हजेरी सुरू झाली. मी ओरडतेय, त्यांना ऐकू जात नाही. मोबाइलपर्यंत जाववत नाही. चित्रात बाक खिडकीला लागलाय, तिघी उठून उभ्या—

मोबाइलमधल्या आवाजाने साळूबाईंचं नाव घेतलं. एकदाच. त्या गप्प. शहाणी बाई— पण माझ्या चेहऱ्याकडे बघतायत, ओ देऊ का, असं विचारतायत—

हीच वही कॅमेऱ्यापुढे धरते. त्या अजून एकेक अक्षर लावून वाचतात. मोठं लिहिते—

मागे बाक सरकला. आता खरोखर—

साळूबाई ओ दे