चारही खोल्यांना एकच हिरवा

३ फेब्रुवारी
गोळ्या सुरू झाल्या. क्षय! सहा महिने, एक दिवसही चुकवायचा नाही. उठताना डॉक्टर म्हणाले, "यातली एक गोळी कधीकधी डोळ्यांवर जाते. लाल-हिरवं वेगळं दिसायला लागलं तर लगेच या."
मी हसलो. एकवीस वर्षं रंगाच्या दुकानात रंग कालवतोय. कुणी जुन्या भिंतीचा खपला आणून दिला की नुसता बघून तोच रंग बनवून देतो. मालक गिऱ्हाइकांना सांगतात, "आमच्याकडे मशीन आहे, आणि मशीन हरलं की डोळेबुवा आहेत!"
आणि जायचं तर डोळ्यांवरच?

१९ मार्च
एका बाईंनी पडद्याचा तुकडा आणला होता. तसा रंग करून दिला. दुपारी डबा परत. "हिरवा सांगितला होता हो, हा राखाडी काय दिलात?" मालकांनी मशीनवर करून दिला. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

२० मार्च
डॉक्टरांकडे जाणार नाही. गेलो तर गोळ्या बंद करतील. दादानं क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या होत्या — वर्षाच्या आत गेला. शेवटी शेवटी त्याला हाका मारायलाही दम पुरत नव्हता.
हिलाही सांगायचं नाही. कुणालाच नाही.

२४ मार्च
एक सुचलंय. सगळ्या घराला एकच रंग द्यायचा. फिकट हिरवा. त्याचं माप मला तोंडपाठ आहे — पांढऱ्यात किती हिरवा, किती पिवळा, काळ्याचा जेमतेम एक थेंब. डोळे उघडीन तिथे तोच समोर. तो बदललेला दिसला तर बदललोय मी, भिंत नाही. रोजच्या रोज कळेल.
हिला म्हटलं, "डोळ्यांना थंडावा."
"सगळ्या घराला? घर आहे का दवाखाना?" म्हणाली. पण सामान हलवायला लागली.

२ एप्रिल
पुढची खोली झाली. मला धाप लागते, म्हणून जुन्या ओळखीच्या रंगाऱ्याला बोलावलंय. तो तीस वर्षं शिडीवर आहे, खाली उतरला की वाट चुकल्यासारखा चालतो.
हिरवं दिसतंय! अगदी कोवळ्या पानासारखं. उगाच घाबरलो होतो.

१४ एप्रिल
स्वयंपाकघर फिकं उतरलं. रंगाऱ्यावर ओरडलो, "पाणी ओतलंस त्यात!" तो रोलर धूत म्हणाला, "डबा तुझा, माप तुझं, कालवलंस तू. मी फक्त भिंतीला फासलं."
पुढच्या खोलीत जाऊन बघितलं. तीही फिकी झालीये.

२१ एप्रिल
मधली खोली झाली. ती आणखी फिकी.

२८ एप्रिल
ही मशीनवर ब्लाउज शिवत होती. "अहो, तो हिरवा दोरा द्या जरा." डब्यात सगळी रिळं एका जातीची. एक उचलून दिलं.
"हा तपकिरी आहे."
"उजेड कुठे आहे इथे!" मी खेकसलो. खिडकी सताड उघडी होती. हिनं आधी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग स्वतः उठून दोरा घेतला.

५ मे
मालक म्हणाले, "थोडे दिवस ब्रश-रोलरचं कपाट सांभाळा. तब्येत महत्त्वाची." माझी कालवायची काठी त्यांनी धुऊन-पुसून ठेवली होती. इतक्या वर्षांत ती कधी कोरडी बघितली नव्हती मी.

१२ मे
मागची खोली झाली. सकाळी डबा कालवून ठेवून गेलो होतो, मी दुकानात असतानाच रंगाऱ्यानं रंगाचे दोन्ही हात मारून टाकले.
हिनं विचारलं, "कसं दिसतंय?"
"झकास! चारही खोल्यांत हाच हिरवा सगळ्यात छान उतरलाय."
ही आत गेली. बराच वेळ नळ वाहत होता.
खोटं बोललो. मला चारही खोल्या सारख्याच दिसतात — दुधात राख पडल्यासारख्या.

१५ मे
आजचं लिहून ठेवतो.
मागच्या खोलीत बसलो होतो. ही येऊन समोर बसली. "ही खोली हिरवी नाहीये. गुलाबी आहे."
कळेचना.
"मीच सांगितलं रंगाऱ्याला. तुमचा डबा तसाच पडलाय. त्या दोऱ्याच्या दिवसापासून मला शंका होती. विचारलं असतं तर तुम्ही कानावर हात ठेवले असते. तीन दिवस गुलाबी भिंतीकडे बघून हिरवं हिरवं करताय! बघवत नाही हो मला."
भिंतीला नाक लावून बघितलं. राख.
मग दादाचं सांगितलं. गोळ्या बंद झाल्या तर मीही तसाच जाईन म्हणालो. कधी रडलो नव्हतो हिच्यासमोर.
"उद्या सकाळी मी येतेय बरोबर," एवढंच म्हणाली.

१६ मे
सगळ्या गोळ्या बंद करायच्या नव्हत्याच. एकच काढायची होती. डॉक्टरांनी ती आज काढली, बदली दुसरी दिली. दोन मिनिटांचं काम. छाती सुधारतेय म्हणाले.
हिनं विचारलं, "आणि रंग? परत दिसतील?"
डॉक्टरांनी मला विचारलं, "कधीपासून होतंय हे?"
"मार्चपासून."
त्यांनी पेन खाली ठेवलं. "मार्चमध्ये आला असतात, तर मी हो म्हणालो असतो."