संघाची पाटी, गावाची पाटी

४ फेब्रुवारी

झालं! ठराव मंजूर! अकरा विरुद्ध नऊ! आपला फुटबॉल संघ कुठेही जात नाही!

नगरपालिकेबाहेर दोन तास ताटकळलो. दार उघडलं, आकडा कळला आणि बाबांनी चक्क वॉचमनला मिठी मारली. एरवी माझ्या वाढदिवसाला पाठीवर थाप मारतानाही लाजणारा माणूस! क्लबची धमकीच होती – स्टेडियमला नवी गॅलरी बांधून द्या, नाहीतर दुसऱ्या शहरात जातो. घ्या, दिली! चारशे सह्या मी एकटीने जमवल्यात.

पैसे पोहण्याच्या तलावाच्या दुरुस्तीतले. तलाव ‘तूर्तास’ बंद. आई रोज सकाळी गुडघ्यांसाठी तिथे पाण्यात चालते, डॉक्टरांनीच सांगितलंय. ती एवढंच म्हणाली, “तुमची अकरा पोरं पळावीत म्हणून मी बसून राहायचं होय?” बाबा म्हणाले, “अगं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे.”

मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला लिहू – फार वेळ नाही वाटलं.

२ जून

काम मला मिळालं! मला! गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवणारी मी, आता स्टेडियमची पाटी रंगवणार! बाबांनी गल्लीभर दवंडी पिटली. दूधवाल्याला तर दोनदा सांगितलं.

१९ जून

क्लबच्या मॅनेजरला भेटले. माप, रंग, सगळं ठरलं. तो म्हणाला, “भिंतीवर नको, पत्र्यावर रंगवा. पत्रे दोन. एकावर संघाचं नाव, दुसऱ्यावर गावाचं. दोन्ही स्क्रूवर.”

मी हरखलेच! गावाला स्वतंत्र पत्रा – चांगला नऊ फुटी!

आई गुडघे शेकत बसली होती. तिला सांगितलं. “स्क्रूवर कशाला?”

“धुवायला उतरवता यावा म्हणून असेल.”

“असेल.”

तिच्या ‘असेल’ला मी भीक घालत नाही.

७ ऑगस्ट

पत्रे चढले! गावाचं नाव बोटभर मोठं काढलंय. कुणाला सांगितलं नाही. मॅनेजरच्या लक्षात आलं नाही, बाबांच्या लगेच आलं. नुसते हसले.

३० ऑगस्ट

पहिला सामना! दोन-एक! गॅलरी खच्चून भरलेली. दुसरा गोल शेवटच्या मिनिटाला – मी शेजारच्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडले, तिचा चहा माझ्या पाठीवर. भाजलंय, पण चालतंय! बाबांचा घसा पार बसला. आईशी खुणांनी बोलताहेत. ती म्हणते, “पहिल्यांदाच घरात शांतता आहे.”

ती आली नव्हती. निघताना विचारलं होतं तिने, “पायऱ्या किती?”

चाळीस.

“मग झालं तर.”

१४ ऑक्टोबर

कोपऱ्यावरचा न्हावी पाटी करून घ्यायला आला. मी सवयीने विचारलं, “गाळा स्वतःचा की भाड्याचा?” प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते. स्वतःचा असला तर सरळ भिंतीवर रंगवायचं. भाड्याचा असला तर पत्रा, तोही स्क्रूवर – गाळा सोडताना घेऊन जाता येतो.

“भाड्याचा,” तो म्हणाला.

माझा हात तिथेच थांबला. वीस वर्षं हा प्रश्न विचारतेय. क्लबला तेवढा नाही विचारला! आनंदाच्या भरात अक्कल गहाण टाकली होती.

बाबांना सांगितलं तर भडकलेच. “काहीतरीच तुझं! आपण छप्पर घातलंय त्यांच्या डोक्यावर. मी चाळीस वर्षं ओळखतो त्यांना.”

बाबा क्लबवाल्यांना ओळखतात, खरंय. ते कुठे बाबांना ओळखतात? – जाऊ दे. शनिवारी सामना आहे! जिंकलो तर पहिल्या नंबरवर!

१८ ऑक्टोबर

पहिल्या नंबरवर!!! तीन-शून्य! न्हाव्याचं काय मनावर घेऊन बसले होते, वेडीच आहे मी. उद्या त्याचा पत्रा पुरा करते.

२ डिसेंबर

क्लबचा फोन. दुसरं शहर याहून मोठं स्टेडियम बांधून देतंय, करारातून वाटही सापडली म्हणे. हंगाम संपला की जाणार. संघाच्या नावाचा पत्रा ओरखडा न पडता उतरवून द्या, तिकडे तोच लावायचाय.

“आणि गावाचा?”

“तो तुम्ही ठेवून घेतलात तरी चालेल.”

बाबा शेजारीच उभे होते. सगळं ऐकलं. विचारलं, “नाव तेच ठेवणार?”

“तेच.”

ते आत गेले. आई खुर्चीत पाय लांब करून बसली होती. तिच्याकडे बघत राहिले. मग माझी मोजपट्टी शोधून माझ्या हातात दिली.

“तलावाच्या फाटकाची रुंदी मोजून ये. नऊ फूट भरते का बघ.”