हिरव्या साडीतला फोटो

सोल, रविवार

ती. आईस, इतक्या लांबून वाकून नमस्कार.

मी बरी आहे, हे आधी वाच आणि मगच पुढे जा. फोनवर सांगितलं असतं, पण माझ्या आवाजावरून तुला सगळं कळतं.

आमच्या कोरियन भाषेच्या क्लासमधून मला तुझ्या लाडक्या हान जिवूच्या नव्या मालिकेत काम मिळालं. त्यातल्या त्याच्या वारलेल्या बायकोचं, म्हणजे नुसता फोटो. कशाला हवाय ते न विचारताच मी स्वानंददादाच्या लग्नातला, हिरव्या साडीतला देऊन टाकला. सेटवर बघते तर त्याला काळी फीत आणि पुढे पांढरी फुलं.

तू म्हणतेस ना, “हा कधी मरत नाही म्हणून मी याच्या मालिका बघते”? त्याच्या न मरण्याचं कारण त्यानेच सांगितलं. वीस वर्षांपूर्वी त्याचं पहिलं काम असाच फोटो होता. घरी सांगायचं राहिलं आणि त्याच्या आईने तो अचानक टीव्हीवर पाहिला. आज तो एवढा मोठा नट आहे, तरी रोज त्याचा आवाज ऐकल्याशिवाय त्या जेवत नाहीत. “आईला आधी कळव,” म्हणाला.

बीपीची गोळी घेतेस ना? तो भाग लागेल तेव्हा स्वानंददादाला डोंबिवलीहून खोपटला आपल्या घरी बोलावून घे. संपला की फोन कर. नाहीच उचलला, तर मी क्लासमध्ये आहे असं समज.

तुझी,
ऋजुता

ता. क. तोच फोटो आपल्याकडे बाबांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी लावलाय. तो आजच्या आज तिथून काढ.